जुनी प्रेमगीतं, नवा गायक

हॉलच्या पडद्यांवरून आई-बाबांचं बिनसलं आणि मुलुंडच्या त्या घरात महिनाभर अबोला मुक्कामाला आला. शेवटी त्यांच्या पॉपगायक मुलाने, प्रबुद्धने, आपला नवा अल्बम बाहेर काढला. त्यात त्याने जुनी प्रेमगीतं स्वतःच्या ढंगात गायली होती, आणि निम्मी तर याच दोघांच्या लग्नाआधीच्या आवडीची होती. त्याने दोघांना सोफ्यावर शेजारी बसवलं, स्पीकर मोठा केला आणि स्वतःच्याच आवाजावर मान डोलवत उभा राहिला.

तिसऱ्या गाण्याला बाबांनी हात जोडले.

"बंद कर रे बाबा! चांगल्या गाण्यांची पार वाट लावलीस."

महिन्याभरात पहिल्यांदाच आई बाबांकडे बघून हसली.



"अगदी माझ्या मनातलं बोललात हो!"