टॉवेलवरचा निरोप

निवृत्त हेडमास्तर आंघोळ करून टॉवेलवरच जहाजातल्या केबिनच्या बाल्कनीत ओला बनियन वाळत घालायला गेले. हे पुढे गेले असतील, असं समजून बाईंनी सवयीप्रमाणे बाल्कनीच्या दारालाही कडी लावली आणि त्या जहाजावरून उतरून बंदरात फिरायला गेल्या.

हेडमास्तरांनी काच बडवली, घसा बसेपर्यंत हाका मारल्या. शेवटी ते खाली धक्क्यावरच्या लोकांना दोन्ही हातांनी खुणा करू लागले. लोकांनीही हसून हात हलवले. ते जितके कासावीस, तितके लोक खूश. टॉवेल सुटला तेव्हा तर टाळ्या पडल्या.

दोन तासांनी सफाईवाल्याने दार उघडलं. बाई आल्या की त्यांना फैलावर घ्यायचं हेडमास्तरांनी ठरवलं होतं, पण त्याच आल्या आल्या सुरू झाल्या.

"अहो, वर एक गृहस्थ सगळ्यांना हात करत होते! चष्मा नव्हता, चेहरा नाही दिसला. पण काय मनमोकळा माणूस! नाहीतर तुम्ही. चाळीस वर्षांत मला कधी साधा हात केलात?"

हेडमास्तरांनी हळूच विचारलं, "तू शेवटपर्यंत होतीस तिथे?"

"होते की! पहिली टाळी माझीच."