तासाभराचं भाषण

१९९९ सालची गोष्ट. सिल्वासातले मुख्याध्यापक साळगावकर सर खानवेलच्या शिक्षकांपुढे तासभर बोलले. त्या भाषणाच्या रेकॉर्ड केलेल्या कॅसेटची एमपीथ्री फाईल करायला शाळेच्या कॉम्प्युटरला पाच तास लागणार होते. संगणक शिक्षक चेतन सावेने चार दिवस खपून प्रोग्रामचा कोड इतका छाटला, की काम पंचवीस मिनिटांत आटोपलं. त्याने ऐटीत सीडी सरांच्या हाती ठेवली.

नंतर कोड पुन्हा वाचताना त्याला आपली चूक दिसली. वेग कसला वाढतोय, प्रोग्राम भाषणाच्या पहिल्या पाच मिनिटांनंतर थांबतच होता! तो धावत केबिनमध्ये गेला.

"सर, त्या सीडीत जरा..."

"आत्ताच ऐकली, अगदी शेवटपर्यंत," सर हेडफोन काढत म्हणाले.

"शाब्बास, सावे! माझा एकही मुद्दा सुटलेला नाही."