चार कार्डं, चार दिवस

"दोन ग्राफिक्स कार्डांना आठ दिवस लागतील, चारांना चार." यमुनाबाईंनी वहीतलं गणित बापू गिरणीवाल्याला दाखवलं. त्यांच्या नवऱ्यानं, गावाच्या गुरुजींनी, वीस वर्षं गोळा केलेले बोलीतले शब्द फाइलमध्ये कुलूपबंद होते, आणि पक्षाघातात गुरुजींच्या डोक्यातून पासवर्ड अर्धा पुसला गेला होता. उरलेला अर्धा या कार्डांच्या जोरावर शोधणारा कॉम्प्युटर बाई स्वतःच जुळवणार होत्या. पण घरी गिझर लावला तरी फ्यूज उडायचा.

"गिरणीची लाईन वापरा की, वहिनी."

"पिठानं कॉम्प्युटरचे पंखे चोंदतील हो."

"मग गिरणीच बंद ठेवतो. पण आठ दिवस नाय जमायचं. चार कार्डं घ्या, चार दिवस गाव भात खाईल."

अशी चार कार्डं ठरली. मोठा पॉवर सप्लाय आला, पंखे आले. दळणाचे डबे गिरणीच्या दाराबाहेर रांगेत बसले, आणि बाया रोज विचारायच्या, "घावलं का?"

चौथ्या दिवशी फाइल उघडली. यमुनाबाईंना शब्द दिसेनात, डोळेच भरलेले. गिरणीत आणून खुर्चीत बसवलेल्या गुरुजींनी पडद्यावरून हात फिरवला. आजारपणापासून ते एका वेळी एका शब्दापलीकडे बोलले नव्हते. बाहेरच्या डब्यांकडे बघत ते सावकाश म्हणाले, "बापू, आधी गिरणी लाव."