पाचवी खुर्ची

संग्रहालयातलं ते प्रसिद्ध चित्र दाखवून आणल्यावर चित्रकलेच्या बाईंनी मुलांना तेच चित्र पुठ्ठा, चिंध्या आणि बटणं चिकटवून घरून करून आणायला सांगितलं. मूळ चित्रात टेबलाभोवती चौघं जेवायला बसलेत आणि त्यांच्यामागे एक बाई हातात भांडं घेऊन उभी आहे.

घरात सगळ्यात धाकटी असलेल्या एका मुलीने आणलेल्या चित्रात मात्र ती बाई चांगली ऐसपैस बसली होती, टूथपेस्टच्या खोक्यातून कापलेल्या खुर्चीवर.

"खुर्च्या चारच आहेत. ही पाचवी काढून आण, तरच प्रदर्शनात लावेन," बाईंनी बजावलं.

"मग नका लावू," धाकटी म्हणाली.

बाईंची तक्रार घरी पोचली. जेवायला बसल्या बसल्या बाबांनी पोरीला फैलावर घेतलं. "एवढ्याशा खुर्चीसाठी कसला गं हट्ट? आण ते चित्र इकडे." त्यांनी ती खुर्ची नखाने खरवडली, मग चमच्याच्या दांड्याने उचकटून पाहिली. दादानेही जोर लावला. खुर्ची जागची हलेना.

"कार्टीने गोंद तरी कसला लावलाय!" आजोबा म्हणाले. धाकटी जेवत होती.



"नाही निघायची ती," त्या चौघांच्या मागे भांडं घेऊन उभी असलेली आई म्हणाली. "मी चिकटवलीय." मग भांडं बाबांच्या हातात देऊन तिने स्वयंपाकघरातलं स्टूल ओढत आणलं. "आता सरका जरा."