खेळात काय नको

“मास्तर, तुमचा माईक बंद आहे,” ती तिसऱ्यांदा म्हणाली.

पडद्यावर मास्तरांचे ओठ तावातावानं हलत होते. मग एकदाचा आवाज फुटला. “...म्हणून मी विचारतोय, या नकाशाला प्रमाण काय?”

“भुताच्या बंगल्याला कसलं हो प्रमाण!” चष्मेवाली खिदळली.

तिचा स्वतःचा धाकटा भाऊ, भूगोल शिकवून निवृत्त झालेले मास्तर आणि चष्म्याच्या दुकानाची मालकीण. व्हिडिओ कॉलवर तीन चौकटी, तिघंही नवखे. चौथ्या चौकटीत ती. एरवी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या घडवणारी, आणि आज, रविवारी दुपारी चार वाजता, जन्मात पहिल्यांदा भयकथेचा खेळ चालवायला बसलेली. गोष्ट तिनं सांगायची, गोष्टीतली माणसं होऊन त्यांनी हिंडायचं, काही करून बघायचं असलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. आणि एखाद्याला सोसवेनासं झालं, तर ‘पडदा’ म्हणायचं. प्रसंग तिथंच थांबतो.

खेळ आपला निमित्ताला. खरं म्हणजे भावाचा चेहरा ती दोन वर्षांनी बघत होती.

अशाच एका दुपारी आई आतल्या खोलीत पडली. घरात ही दोघंच. डॉक्टरांना दोघांनीही एकच सांगितलं, झोप लागली होती. लगेच कळलं असतं तर वाचल्या असत्या, डॉक्टर म्हणाले. त्यानंतर बहीणभावांनी एकमेकांना काही विचारलं नाही, आणि ते न विचारलेलंच घरात पाय पसरून बसलं. शेवटी भावानं दुसरं गाव गाठलं.

असल्या खेळाआधी नवख्यांना विचारून घेतात, गोष्टीत काय नको? उत्तर निनावी, म्हणजे कुणाला संकोच नको. मंगळवारी लॅबमध्ये, प्लास्टरचे साचे वाळेपर्यंत, तिनं फोनवर त्याचा फॉर्म बनवला. नीट चालतोय ना ते, मनाला येईल ते खरडून, एकदा पाहिलं, आणि साचे हाक मारायला लागल्यासारखी उठली. बुधवारी सकाळी तिघांना लिंक पाठवली.

शुक्रवारी उघडून बघते तर तीन उत्तरं. ‘झुरळं नकोत’, ही चष्मेवाली. ‘सुया नि रक्त नको’, हे मास्तर. इंजेक्शन म्हटलं की दवाखान्याच्या पायरीवरूनच परत फिरणारे. आणि तिसरं:

‘आई आतून हाक मारते आणि कुणी उठत नाही, असं काही नको.’

हा भाऊच. म्हणजे त्यानं ऐकलं होतं. ऐकून पडून राहिला होता. दोन वर्षं तिला हेच वाटत आलं होतं. राग आला, चांगला सणसणून आला, पण संध्याकाळपर्यंत ओसरलाही. उरला तो लहानपणी ताप आला की तिच्याशिवाय कुणाच्या हातून औषध न घेणारा धाकटा. खेळ संपला की त्याला थांबवून घ्यायचं, तिनं ठरवलं, आणि म्हणायचं, झालं ते झालं. बंगल्याच्या बंद खोलीतून एक हाक यायची होती. ती तिनं गोष्टीतून खोडून टाकली.

“जिना चढून तुम्ही वर आलात,” ती आता सांगत होती. “टोकाला एक बंद दार.”

चष्मेवालीनं पाय वर घेतले.

“मी दाराला कान लावतो,” भाऊ म्हणाला. “आतून कुणी हाक मारतंय?”

तिनं वहीतल्या खोडलेल्या ओळीवर बोट ठेवलं. “नाही. सगळं शांत आहे.”

“फासा तरी टाकू दे की.” फासा घरंगळला. “वीस!”

वीस म्हणजे सगळ्यात मोठं यश. अशा माणसाला रिकाम्या हातानं परत पाठवता येत नाही, नियम म्हणजे नियम. वहीत तर पुढचं काहीच नव्हतं. सुचेल ते ती बोलत गेली.

“हाक नाही. पण धुळीत ठसे आहेत. अनवाणी पायांचे. दारापर्यंत आलेले, आणि तिथूनच मागे वळलेले.”

“किती वेळ उभं होतं कुणी?” मास्तरांनी विचारलं.

“दहा मिनिटं.”

“धुळीवरून एवढं कळतं?”

“कडीवर हात होता. कडी गार होती. आतला आवाज बारीक बारीक होत गेला, आणि मग...” ती थांबली. “पडदा.”

“अगं, खेळ चालवणारीलाच पडदा?” चष्मेवाली हसली. एकटीच हसली. “काटा आला बाई अंगावर. कुठून सुचतं तुला!”

पुढचा खेळ तिनं कसाबसा उरकला. मास्तर नकाशा मागून घेऊन गेले, चष्मेवाली हात हलवून गेली. भावाची चौकट उरली.

“फॉर्ममधलं तुझं वाचलं मी,” ती म्हणाली. “आईची हाक तू ऐकली होतीस ना? मी रागावले नाही रे. होतं असं. उठायचं असतं, पण दार उघडलं की सगळं खरं होणार असतं. पाय उचलतच नाहीत.”

त्यानं खुर्ची पडद्याजवळ ओढली.

“ताई, त्या दुपारी मी कानात गाणी लावून झोपलो होतो. एक हाकही ऐकली नाही. तेच मला खातं. म्हणून तर मघाशी कान लावला. आणि फॉर्म मी भरलाच नव्हता. मला कशाची हरकत नव्हती.”

तिनं फॉर्म उघडला. प्रत्येक उत्तरापुढे बारीक अक्षरात वार आणि वेळ होती. तिनं ती कधी बघितलीच नव्हती. झुरळं, गुरुवार. सुया, बुधवार. आणि ते तिसरं, मंगळवार, दुपारी साडेबारा. साचे वाळत ठेवायची वेळ.

“ताई?” भाऊ हाक मारत होता. “ताई, अगं ऐकू येतंय ना तुला?”

ऐकू येत होतं.