चुड्यातली जागा

या, जवळ सरका, गोड कथा आहे. ऐकू न येणाऱ्यांना आवाज मनगटावर जाणवून देणारा पट्टा खपेल का, हे पाहायला कंपनीची मृदुला गडहिंग्लजच्या बाजारात आली होती. चाळीस बायकांनी सांगितलं, "बांगड्या उतरवून पट्टा? नको गं बाई." आता तिनं नकार कळवला की पट्टा कायमचा बंद होणार होता.

बांगड्या भरणारी सुंदराबाई कासारीण म्हणाली, "उतरवायला कोण सांगतंय? आण इकडं." तिनं तो बांगड्या भरायला आलेल्या बहिऱ्या यमुनाक्कांच्या हिरव्या चुड्यात पाटलीसारखा बसवला.

संध्याकाळी कीर्तनात मृदंग घुमला आणि वीस वर्षांनी यमुनाक्कांची टाळी ठेक्यात पडली. "मेला किती जोरात बडवतो," त्या हसत म्हणाल्या.

मृदुलानं अहवालात लिहिलं, 'पट्टा कासारणींकडे द्या, त्या बांगड्यांसोबत भरतील.'

कीर्तनात टाळी वाजवाल तेव्हा सुंदराबाईची आठवण ठेवा.