भरवशाचा टायर

टायरवाल्याच्या हातात जादू होती. गुळगुळीत झालेल्या टायरवर तापल्या पात्याने खाचा कोरून वर काळं पॉलिश फासलं, की तो टायर नव्याच्या तोंडात मारायचा. सकाळी दवाखान्यातले कंपाउंडरकाका मोटरसायकल घेऊन आले, तेव्हा त्याने असाच एक टायर नवा म्हणून मागच्या चाकाला बसवून दिला. "आता कितीही पाऊस येऊ दे काका, बिनघोर चालवा," असंही वर सांगितलं.

दुपारी पावसाने जोर धरला तो सोडलाच नाही. बस बंद झाल्या. लेक अजून कॉलेजातून आली नव्हती, म्हणून टायरवाला सारखा दुकानातून आत-बाहेर करत होता. तेवढ्यात उतारावरून काकांची मोटरसायकल आली आणि मागच्या सीटवरून चिंब भिजलेली लेक हसत उतरली.

त्याची नजर मात्र आधी मागच्या चाकावर गेली. पॉलिश पार धुऊन निघालं होतं.

"रस्ता इतका निसरडा होता बाबा, मी बसायला नकोच म्हणत होते," लेक म्हणाली.

"पण काका म्हणाले, घाबरू नकोस पोरी, टायर तुझ्या बाबांनी बसवलाय."